तीन महिने आंबवलेलं बायोएन्झाइम आणि ओट्यावरचा पांढरा डाग

मधुमालती
मंडळी, जानेवारीत संत्री स्वस्त झाली तेव्हा घरात सालींचा ढीग साठला आणि मी मोठ्या उत्साहात बायोएन्झाइम, म्हणजे साली आंबवून करतात ते साफसफाईचं पाणी, लावलं. प्रमाण सगळे सांगतात तेच, १:३:१०. म्हणजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली, १ लिटर पाणी. मी याच्या पाचपट केलं. तीन महिने वाट बघायची होती, बघितली. (माझ्या लग्नाची बोलणीसुद्धा एवढी लांबली नव्हती.) एप्रिलमध्ये गाळलं तर तपकिरी, आंबूस वासाचं बरंच पाणी हाती आलं.

हा खटाटोप दोन कारणांसाठी. लेक दहा महिन्यांची आहे, रांगते आणि जिथे जाईल तिथली फरशी चाटून बघते. फिनेलचा वास आला की माझ्या पोटात गोळा येतो. दुसरं म्हणजे आमच्याकडे भांडी-फरशीला येणाऱ्या मावशींच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्यात. पाच घरची भांडी घासतात त्या.

तर पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला. कडप्प्याच्या ओट्यावर तेलाचा जुना चिकटा होता, त्यावर हे पाणी तसंच, पातळ न करता ओतलं आणि लेकीला झोपवायला गेले. परत येऊन पुसलं तर तळहाताएवढा पांढुरका डाग. बोट फिरवलं की तिथे खरखर लागते. तेल लावलं की दिसेनासा होतो, ओटा धुतला की परत हजर.

भांड्यांना वापरायला मावशींना दिलं, तर त्या म्हणाल्या, "ताई, याला फेसच नाही. भांडं निघालं हे कळायचं कसं?" दुसऱ्या दिवशी बाटली होती तिथेच.

आता सांगा, डाग जाईल का? हे पाच लिटर नक्की कशाला वापरू? आणि तुम्ही घरी काय काय करता? नैसर्गिक म्हणजे निर्धोक असं मी धरून चालले होते, आता जरा डळमळायला लागलंय.

खडूस काका
डागावर रोज तेल लावा आणि पाहुण्यांना 'डिझाइन आहे' म्हणून सांगा. आमचा ओटा असाच सजलाय.

रसायन मास्तर
मधुमालतीताई, वाईट वाटून घेऊ नका, पण तो डाग नव्हे, झीज आहे. कडप्पा, शहाबादी, कोटा ही सगळी चुनखडकाची भावंडं. संगमरवरही त्यांच्याच गोतातला. चुनखडक म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि ते आम्लात विरघळतं. तुम्ही ओतलेल्या पाण्याने ओट्याची वरची झिलई खाल्ली. आता उजेड तिथून सरळ परत येत नाही म्हणून पांढरं दिसतं, आणि तेल त्या खाचा भरतं म्हणून तात्पुरतं काळं होतं. इलाज एकच, फरशी पॉलिश करणाऱ्याला बोलावून तेवढा भाग घासून घेणे.

तुमच्या बाटलीत काय झालं तेही सांगतो. गुळातल्या साखरेचं यीस्टने आधी अल्कोहोल केलं, मग जिवाणूंनी त्याचं ॲसेटिक आम्ल केलं. म्हणजे सालीचा अर्क उतरलेलं घरगुती व्हिनेगरच म्हणा ना. त्याचा सामू (pH, ७ च्या जितका खाली तितकं आंबट) साधारण ३ ते ४ येतो. 'एन्झाइम' या शब्दाला फार भुलू नका, त्यातलं बरंचसं काम आम्लच करतं.

घरातली फरशी कुठली हे माहीत नसेल तर कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले, की तिथे आंबट काही लावायचं नाही. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल्सना तुमचं पाणी चालेल, तेही बादलीभर पाण्यात अर्धी वाटी एवढं पातळ करून.

मधुमालती
मास्तर, लिंबाचा थेंब हॉलमधल्या फरशीवर टाकला. काही झालं नाही, वाचले. ओट्यावर टाकायची हिंमत नाही.

चिंगी७
मला ओट्याचं काय घेऊन बसलात असं वाटतंय, माझं छत गेलंय. मी काचेच्या लोणच्याच्या बरणीत लावलं होतं. झाकण घट्ट, कारण चिलटं यायला लागली होती. नवव्या का दहाव्या दिवशी रात्री दोनला स्वयंपाकघरात धडाम! नवरा क्रिकेटची बॅट घेऊन धावला. बघतो तर छतावर मोसंबीची साल चिकटलेली आणि गुळाचं पाणी टपटप खाली. काचा दोन दिवस सापडत होत्या, मुंग्या दोन आठवडे. सासूबाई फक्त एवढंच म्हणाल्या, "आमच्या वेळी साली गाईला घालायचे."

नागपूरची संत्री
चिंगी, काचेच्या बरणीत लावते का कोणी बाप्पा! प्लास्टिकचीच बाटली घ्यायची, एक चतुर्थांश रिकामी ठेवायची. पहिला महिना रोज झाकण ढिलं करून फस्स करून गॅस काढायचा, दुसऱ्या महिन्यात दोन-तीन दिवसांनी एकदा. आमच्याकडे संत्र्याच्या दिवसांत साली म्हणजे पोत्यांनी असतात, त्यामुळे हे प्रयोग करून झाले आहेत. वरती पांढरी साय आली तर घाबरायचं नाही, ढवळून टाकायचं. काळी-हिरवी बुरशी आली तर थोडा गूळ घालून पुन्हा ठेवतात, पण खूपच असेल तर मी सरळ झाडाबुडी खड्ड्यात ओतते. घाई असेल तर चिमूटभर यीस्ट टाका, महिना-दीड महिन्यात होते.

आणि गाळल्यावर उरलेला चोथा फेकू नका. पुढच्या खेपेला विरजण म्हणून मूठभर टाकला की लवकर लागते.

अभ्यासू अण्णा
थोडी माहिती. हे सगळं थायलंडच्या डॉ. रोसुकॉन पूमपानवोंग यांच्यामुळे आशियाभर पसरलं. त्यांनी याला दिलेलं नाव 'गार्बेज एन्झाइम'. ओल्या कचऱ्याचं काहीतरी करा, हा मूळ मुद्दा होता. आपल्याकडे आल्यावर त्याचं फरशीपासून केसांपर्यंत सगळ्याचं औषध झालं.

टीपटॉप
इतकी वाट कशाला बघायची? मी सरळ खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून बाटलीत भरून ठेवते. ओटा, टाइल्स, बेसिन, सगळ्याला तेच. फेस येतो तो बघूनच समाधान वाटतं.

रसायन मास्तर
टीपटॉपताई, एक आम्ल, दुसरा अल्क. दोघं भेटले की एकमेकांना संपवतात. फेस म्हणजे निघून जाणारा कार्बन डायऑक्साइड. मागे बाटलीत राहतं ते पाणी आणि थोडं सोडियम ॲसिटेट. नवरा-बायको दोघं बाजारात गेले आणि घरात स्वयंपाक करायला कोणी उरलं नाही, तसं ते.

टीपटॉप
मग माझं तुंबलेलं बेसिन मोकळं कसं झालं?

रसायन मास्तर
नंतर काय ओतलंत?

टीपटॉप
उकळतं पाणी.

रसायन मास्तर
😊

खडूस काका
मास्तरांनी एका स्मायलीत तास संपवला.

टीपटॉप
ठीक आहे, हरले. पण मग दोन्ही वेगवेगळे कशाला वापरू तेवढं सांगा. घरात दोन किलो सोडा आहे.

रसायन मास्तर
तेलकट, जळकं, कुबट असेल तिथे सोडा. दूध करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात पाणी आणि दोन चमचे सोडा घालून दहा मिनिटं उकळा, निवल्यावर थर सोलून निघतो. चहाचे डाग पडलेले कप ओल्या सोड्याने चोळा. पाण्याचे क्षार, गंज, तांब्या-पितळेचा काळेपणा असेल तिथे आंबट. पाण्याचा क्षार हाही कॅल्शियम कार्बोनेटच. मधुमालतीताईंचा ओटा ज्याने खाल्ला त्यानेच तुमच्या नळावरचा पांढरा थर जातो.

एक मात्र लक्षात ठेवा. ॲल्युमिनियमच्या आणि हिंदालियमच्या भांड्यात सोडा उकळू नका, भांडं काळं पडतं. तिथे आंबट चालतं. कुकरच्या तळाच्या पाण्यात लिंबाची पिळलेली साल टाकली की कुकर आतून काळा पडत नाही, हे घरोघरी ठाऊक आहे. कारण हेच.

दापोलीकर
आमच्याकडे तांब्या-पितळेला आमसूल. आमसुलाची आमटी झाली की उरलेली भिजकी आमसुलं टाकून द्यायची नाहीत, त्यावर मीठ घ्यायचं आणि समई घासायची. गणपतीच्या आदल्या दिवशी हे काम लहानपणी माझ्याकडे असायचं. समईचा मधला दांडा फिरवून वेगळा करून, त्याच्या आट्यांमध्ये सुंभाचा तुकडा घालून ओढायचा. हाताला दिवसभर पितळेचा वास. पण चकाकायची अशी की तोंड बघावं.

घाटावर चिंच वापरतात, तीही चालते. फक्त घासून झाल्यावर भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं पुसा, नाहीतर दुसऱ्या दिवशी हिरवट. आणि कल्हईच्या भांड्याला आतून हे काही लावू नका, कल्हईला पैसे मोजलेत ना?

वाड्यातली विजू
या सगळ्या बाटल्या-प्रमाणं-सामू बघून गंमत वाटते. आमच्या आजीने आयुष्यभर चुलीची राख आणि नारळाची शेंडी याखेरीज काही वापरलं नाही. राख चाळून डब्यात भरलेली असायची. तुपाचं भांडं असेल तर आधी त्यात मूठभर कणीक फिरवून तूप टिपायचं, ती कणीक गाईला. मग राख. भांडी लखलखीत, खर्च शून्य, नदीत विष नाही. आपणच सगळं अवघड करून बसलो.

निशिगंधा_सोलापूर
विजूताई, राखेला विरोध नाही, पण आजीचे हात आठवतात का? माझ्या आजीच्या तळहाताला हिवाळ्यात रक्त यायचं. राख पाण्यात पडली की खार तयार होतो, तो साबणापेक्षा कडक. आजी रोज रात्री दुधाची साय चोळून हात फडक्यात गुंडाळून झोपायची. आम्हाला वाटायचं आजीला थंडी वाजते.

आणि ती राख बाभळीच्या-जांभळीच्या लाकडाची होती. आता राख आणायची कुठून? आमच्या गल्लीत शेकोटीत प्लायवूड आणि प्लास्टिकच्या पिशव्या जळतात. ती राख भांड्याला लावणार?

वाड्यातली विजू
हातांचं खरं आहे. आजीच्या हातांचं मला आठवत नाही, कारण भांडी घासायला आमच्याकडे गंगाबाई यायच्या. हे लिहिताना आत्ता लक्षात आलं.

मधुमालती
विजूताई 🙏 मी मावशींच्या हातांवरूनच तर धागा काढला.

आळशी मांजर
मी फक्त एक धोक्याची सूचना देऊन पुन्हा झोपते. घरात मांजर असेल तर टी ट्री, नीलगिरी, लवंग यांची तेलं फरशी पुसायच्या पाण्यात टाकू नका. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाहीत. पंजे चाटते आणि पोटात जातं. माझ्या बोक्याची लाळ गळायला लागली, पाय लटपटायला लागले तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "फरशी कशाने पुसता?" मी अभिमानाने सांगितलं, "सगळं नैसर्गिक." त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

मधुमालती, बाळालाही हेच लागू. कापूर, नीलगिरी तेल या गोष्टी लहान मुलांनी गिळल्या तर झटके येऊ शकतात. कापराच्या वड्या देवाजवळ खाली ठेवलेल्या असतात, त्या आधी उचला.

मधुमालती
उचलल्या. धन्यवाद. खरंच खालच्या खणात होत्या.

डॉक्टरीणबाई
मांजरताईंना अनुमोदन. बाळं असलेल्या घरासाठी डांबरगोळ्याही त्याच यादीत घाला. काही बाळांना जन्मतः जी६पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) कमतरता असते. डांबरगोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यांचा नुसता वाससुद्धा त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडू शकतो. कपड्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा.

आता उलट बाजू. घरातली फरशी रोज जंतुनाशकाने पुसायची काहीच गरज नसते. साधं पाणी, थोडा साबण, कोरडं फडकं पुरे. पण घरात कुणाला उलट्या-जुलाब असतील तर त्या दिवशी बायोएन्झाइम, व्हिनेगर, लिंबू यांच्यावर विसंबू नका. तेव्हा ब्लीच लागतं. बाटलीवर लिहिलंय तेवढंच पातळ करून, दारं-खिडक्या उघडून, बाळ दुसऱ्या खोलीत. काम झालं की बाटली वर, कुलपात. वर्षातून दोनदा ते वापरलंत म्हणून तुम्ही निसर्गाचे शत्रू ठरत नाही.

घरकोंबडा
ब्लीचवरून आठवलं. लॉकडाऊनमध्ये घर चकाचक करायचा चंग बांधला होता. संडासात टॉयलेट क्लीनर टाकलेला होता, त्यावर 'आणखी स्वच्छ होईल' म्हणून ब्लीचिंग पावडरचं पाणी ओतलं. दार लावलेलं. दोन-तीन सेकंदांत घसा आणि डोळे पेटले. श्वास आत घेता येईना. धडपडत बाहेर आलो, बायकोने खिडक्या उघडल्या. पुढचे दोन दिवस खोकत होतो, आणि तेव्हा खोकणाऱ्याकडे लोक कसे बघायचे ते आठवत असेलच.

रसायन मास्तर
घरकोंबडासाहेब, बचावलात. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्यावर ब्लीच पडलं की क्लोरीन वायू निघतो, पहिल्या महायुद्धात खंदकांत सोडला होता तोच. आणि ही गोष्ट या धाग्यावर मोठ्या अक्षरांत लिहायला हवी की व्हिनेगर आणि बायोएन्झाइमही आम्लच आहेत. तेही ब्लीचमध्ये मिसळायचे नाहीत. 'नैसर्गिक घालतोय, काय होतंय' म्हणून कोणीतरी हमखास मिसळतं.

न्यूजर्सीचा नाना
इकडे व्हिनेगर गॅलनच्या कॅनमध्ये मिळतं, ५ टक्क्यांचं. काचा, केटल, कॉफी मशिन, सगळं त्याच्यावर. परवा एका दुकानात 'हिमालयातले सेंद्रिय सोपनट्स' म्हणून सुती पिशवीत घातलेली वस्तू बघितली. उघडून बघतो तर रिठे! लहानपणी दर रविवारी डोळ्यांत जाऊन मला रडवणारे रिठे. किंमत बघून पुन्हा रडू आलं.

काठपदर
नाना 😂

रिठ्याचा विषय निघालाच आहे तर लिहिते, माझा हातखंडा. मी पैठण्या, इरकली, आईच्या जुन्या महेश्वरी, सगळं घरी रिठ्यात धुते. सोनारही दागिने रिठ्याच्या पाण्यातच ब्रशने घासतात, बघितलं असेल.

कृती: दहा-बारा रिठे फोडून काळी बी काढून टाका. (बी मुलांना खेळायला द्या म्हणणार होते, पण मधुमालतीची लेक चाखून बघेल, नको.) टरफलं अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळा. समोरून हलायचं नाही, दुधापेक्षा वाईट ऊतू जातं, गॅसची शेगडी आपोआप धुतली जाते. निवलं की हाताने कुस्करा, फडक्यातून गाळा. मधासारख्या रंगाचं पाणी मिळतं. ढवळलं की साबणासारखा फेस. आणि साबणाची बोअरच्या जड पाण्यात साय धरते ना, तसं रिठ्याचं होत नाही.

बाहेर ते दोन-तीन दिवसांत आंबतं. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. मी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते, लागेल तसे खडे काढते. एकदा नवऱ्याने तो खडा लिंबू सरबतात टाकला. पाहुण्यांच्या.

खडूस काका
पाहुण्यांना घालवायचा हा उपाय नोंदवून ठेवला आहे.

चिंगी७
काठपदर, रोजच्या कपड्यांना चालतं का? मशिनमध्ये?

काठपदर
चालतं. सात-आठ टरफलं छोट्या कापडी पिशवीत घट्ट बांधून ड्रममध्ये टाकायची, पाणी कोमट ठेवायचं. घाम, धूळ निघते. शाळेच्या मोज्यांना आणि कॉलरला मात्र पुरत नाही, तिथे आधी साबणाची वडी घासावी लागते. पांढरे कपडे पाच-सहा धुण्यांनी पिवळट वाटायला लागले, म्हणून त्यांना मी नेहमीचीच पावडर वापरते. उगाच खोटं कशाला बोला.

नदीकाठ
मी सगळं वाचत होतो, आता एक खोडी काढतो. रिठ्यात जे सॅपोनिन (फेस आणणारं द्रव्य) असतं ते माशांना विषारी असतं. पूर्वी सॅपोनिन असलेली झाडपाल्याची कुटलेली गोळी ओढ्याच्या डबक्यात टाकून मासे गुंगवून पकडायची पद्धत देशात अनेक ठिकाणी होती. फरक एवढाच की ते लवकर कुजून नाहीसं होतं. म्हणून रिठ्याचं पाणी कुंडीत, मातीत ओता, घरच्या माशांच्या टाकीत किंवा विहिरीत नको.

आळंदीला इंद्रायणीवर बर्फासारखा फेस तरंगताना बघतो तेव्हा वाटतं, एकट्यादुकट्याच्या बादलीने काय होणार. तिथे कारखान्यांचं आणि शहराचं न शुद्ध केलेलं सांडपाणी येतं. त्याला उत्तर सालीच्या बाटलीत नाही, सांडपाणी शुद्ध करण्यात आहे. धाग्याला नावं ठेवत नाही, मीही घरी हेच करतो. पण 'आपण बायोएन्झाइम करून नदी वाचवतोय' असं कोणी म्हणालं की हसू येतं.

नागपूरची संत्री
नदीकाठ भाऊ, नदीचं माहीत नाही, पण माझ्या घरचा ओला कचरा कमी झाला आणि फरशीला येणाऱ्या बाटलीचे पैसे वाचले. एवढं पुरे ना. प्रत्येक गोष्टीतून जग वाचलंच पाहिजे काय?

बोअरचं पाणी
आमच्या सोसायटीत वर्षातले आठ महिने टँकर किंवा बोअर. शॉवरची भोकं बुजतात, टाइल्सवर पांढरा थर, गीझरचं तर बोलू नका. कोणी सोपा उपाय सांगेल का? पाच लिटर संत्र्याचं पाणी आमच्याकडे नाही.

रसायन मास्तर
किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं, म्हणजे सायट्रिक आम्ल. एक लिटर गरम पाण्यात दोन चमचे. शॉवरचं तोंड काढून त्यात तासभर बुडवा, जुन्या दातघासणीने घासा. केटलमध्ये लिटरला एक चमचा घालून उकळा, अर्धा तास ठेवा, ओता, दोनदा साधं पाणी उकळून टाका. टाइल्सवर फवारा, दहा मिनिटांनी धुवा. नळांवर रात्रभर ठेवू नका, चकाकी जाते. आणि बाथरूमची फरशी शहाबादी नाही ना, ते आधी बघा. नाहीतर धाग्याच्या पहिल्या प्रतिसादापासून परत सुरुवात.

काठपदर
अवांतर: चांदीची भांडी टूथपेस्टने घासू नका, चरे पडतात. पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल पसरा, वर चांदी ठेवा, चमचाभर सोडा आणि कढत पाणी ओता. कुजक्या अंड्यासारखा थोडा वास येतो आणि काळेपणा चांदीवरून फॉइलवर जातो. मास्तर कारण सांगतीलच. फक्त मुद्दाम काळी केलेली नक्षी असेल तर हे करू नका, सगळी नक्षी गोरी होईल.

रसायन मास्तर
चांदीवरचं गंधक ॲल्युमिनियम ओढून घेतो. संपलं, आज तास छोटा.

डॉक्टरीणबाई
मधुमालती, एक राहिलं. मावशींच्या बोटांना भेगा आहेत म्हणालात ना? बायोएन्झाइमचा सामू मास्तरांनी ३ ते ४ सांगितलाय. उघड्या भेगेवर लिंबू पिळल्यासारखं झोंबेल ते. फेस येत नाही ही तक्रार असेलही, पण एकदा नीट विचारून बघा.

मधुमालती
डॉक्टरीणबाई, काल विचारलं. आधी "नाही ओ ताई, चालतंय की" म्हणाल्या. मी त्यांचा हात हातात घेतला तेव्हा म्हणाल्या, "आग होती. पण तुम्ही तीन महिने केलेलं, तुम्हाला कसं सांगू?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्यासाठीच केलेलं ना ते!

तर सध्याची व्यवस्था अशी. बायोएन्झाइम भांड्यांतून बाद. ते आता संडास-बाथरूमच्या टाइल्सना आणि पातळ करून हॉलच्या फरशीला, ते काम माझ्याकडे. लेकीने फरशी चाटली, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा चाटली. भांड्यांना रिठ्याचं पाणी करून दिलं. फेस बघून मावशी खूश. चहाची, वरण-भाताची भांडी निघतात. कढई आणि पोळीचा तेलकट तवा निघत नाहीत, त्यांना आधी विजूताईंची कणीक फिरवते आणि मग आपली नेहमीची साबणवडी. हातमोजे आणले होते, ते त्यांनी "पकड येत नाही, काचेचं फुटंल" म्हणून परत केले. निघताना हात कोरडे पुसून खोबरेल लावायचं एवढं मात्र दोघींनी ठरवलंय, बाटली बेसिनपाशीच ठेवली आहे.

पॉलिशवाला येऊन गेला. एवढ्याशा डागासाठी मशिन आणायला परवडत नाही म्हणतो, पूर्ण ओटा करू म्हणतो. त्याचा आकडा ऐकून मी परत तेल लावलं.

खडूस काका
डिझाइन!

काठपदर
रिठे एका वेळेला किती भिजवतेस भांड्यांसाठी?

मधुमालती
वीसेक. तीन दिवस पुरायला हवं, पण दोनच दिवसांत संपतं. परवा कळलं का ते. मावशी उरलेलं पाणी डब्यात भरून घरी नेतात, केस धुवायला. म्हणाल्या, "भांड्याला वाया कशाला घालायचं, ताई?"